साखळीचं कपलिंग

दुकानदाराने काउंटरवर मॉडेल रेल्वेच्या कपलिंगची दोन पाकिटं ठेवली. "काका, चुंबकाचं घ्या. डबे नुसते टेकले की जुळतात. साखळीच्या कपलिंगला मध्ये बोटं घालावी लागतात."

"साखळीचंच द्या," केरबा म्हणाले.

त्यांची मुलगी प्रांजली हसली. "बाबा, सोमवारी मी रेल्वेत पॉइंट्समन म्हणून, खरे डबे जोडायला, रुजू होतेय. आता खेळणी कसली घेताय?"

रेल्वे यार्डात डबे जोडण्यात केरबांची तीस वर्षं गेली होती, आणि उजव्या हाताची दोन बोटंही. दुकानातल्या नमुन्याच्या रुळांवर त्यांनी दोन डबे आणि इंजिन ठेवलं, गाडी सोडायचं बटण स्वतःकडे घेतलं. "जोड."

प्रांजलीने डब्यांमध्ये बोटं घालून इवलीशी साखळी आकड्यात अडकवली. "झालं! सोडा गाडी."

बोटं अजून आतच होती.

बोटं गेली त्या दिवशी केरबांनीही असंच आतूनच ओरडून सांगितलं होतं. ड्रायव्हरने ऐकलं आणि इंजिन हलवलं.

"आधी बाहेर ये," ते कसेबसे म्हणाले. "मग हात दाखव. मग बोल."

त्यांचा आवाज ऐकून तिचं हसू मावळलं. दोन पावलं मागे सरून तिने दोन्ही पंजे उघडून उंच धरले.

"सोडा, बाबा."

केरबांनी बोटं मोजली. दहा भरली. तरीही बटणावरचा अंगठा खाली जाईना. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.