पैकीच्या पैकी

इलेक्ट्रिकल विभागाच्या सुवर्णमहोत्सवात पाहुण्यांना मिरवून दाखवण्यासारखं होतं काय, तर लॅबमधली सगळ्यात जुनी मोटर. तिला नवा रंग फासून विभागप्रमुख छाती फुगवून म्हणाले, “इथला प्रत्येक इंजिनिअर हिची लोड टेस्ट घेऊनच बाहेर पडलाय. मला तर हिच्यावर पैकीच्या पैकी मार्क होते!”

मग आतलं काम दिसावं म्हणून त्यांनी तिचं झाकण काढायला लावलं. आत तांब्याची एक तार नाही. नुसतं रिकामं पिंप.

“अरेच्चा, हे अजून इथेच?” पहिल्या रांगेतले नव्वदीचे संस्थापक सर खुदकन हसले. “हा वर्गात दाखवायला केलेला पोकळ नमुना. खरी मोटर मागवली होती, ती काही आलीच नाही.”

विभागप्रमुखांचा चेहरा खर्रकन उतरला. पण त्यांची लेक याच विभागात शिकत होती आणि गेल्याच आठवड्यात तिनं याच टेस्टचं रीडिंग भरलेलं जर्नल जमा केलं होतं. सगळ्यांदेखत ते तिच्यावर खेकसले, “कार्टे, मग तू रीडिंग आणलंस कुठून?”



“तुमचंच उतरवलं, बाबा. पैकीच्या पैकी होते ना!”