आधी गोळी

शिवणक्लासच्या बायका गेल्या, तरी एक रिटायर झालेले बसड्रायव्हर पँटची शिलाई उसवल्याच्या निमित्ताने बसूनच होते.

"बाई, एक विचारायचंय. त्यासाठी आज बीपीची गोळीसुद्धा घेतली नाही."

शिवणबाईंचं मशीन थांबलं. "का?"

"ती घेतली की छातीत धडधडतच नाही. म्हटलं, आजच्या दिवशी तरी धडधडायला हवं."

"अहो, जन्मभर बस चालवलीत. उतारावर कधी ब्रेक काढून ठेवलात? ही गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते!" त्यांनी पाण्याची बाटली पुढे सरकवली.

ड्रायव्हरांनी खिशातली गोळी मुकाट्याने गिळली.

"हं, आता विचारा," चष्मा सारखा करत बाई म्हणाल्या. "धडधडायचं माझ्यावर सोडा. मला अजून गोळी सुरू झालेली नाही."