चौथ्या बरणीतला गाळ

थोरली बहीण जिना उतरून गेल्याची खात्री झाली, तशी धाकटी तिने आणलेली भाजीची पिशवी घेऊन मागच्या दाराने बाहेर पडली. पालक, काकड्या, टोमॅटो, सगळं तिने कचऱ्याच्या डब्यात ओतलं आणि वर जुनं वर्तमानपत्र पसरलं. दर रविवारचं हे काम होतं. पुढच्या रविवारी थोरली विचारायची, टोमॅटो कसे निघाले? धाकटी म्हणायची, गोड निघाले. असं तीन वर्षं चाललं होतं.

धाकटी बंदराच्या प्रयोगशाळेत कामाला होती. बंदराच्या तळाशी गाळ साचत राहतो आणि तो उपसला नाही तर जहाजं अडकतात. उपसलेला गाळ कुठे टाकायचा, ते तिच्या तपासणीवर ठरायचं. स्वच्छ निघाला तर सखल जमिनीवर भरावाला जायचा. वाईट निघाला तर जाड प्लास्टिक अंथरलेल्या बंद खड्ड्यात.

नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले असताना गाळाच्या नमुन्यांतली चौथी बरणी तिच्या हातून निसटली आणि फरशीवर फुटली. नेमका जहाजं रंगवायच्या धक्क्याखालचा गाळ होता तो. तिथे शिसं, तांबं, काय वाट्टेल ते सापडायचं. नमुने आणणारी होडी आता आठवड्यानेच जाणार होती आणि गाळ उपसणारं जहाज तर येऊन उभं होतं. जो तो निकालाची घाई करत होता. तिने फरशी पुसली, नवी बरणी घेतली, तिच्यात तिसऱ्या बरणीतला अर्धा गाळ भरला आणि वर चारचा आकडा चिकटवला. दोन्हींचा निकाल एकच आला, स्वच्छ. तो तसा येणारच होता.

भराव झाला. वर चांगल्या मातीचा थर पडला, प्लॉट आखले गेले आणि सोडतीत त्यातला एक नेमका थोरलीला लागला. थोरलीने तिथे घर बांधलं आणि पेढीवरची नोकरी सांभाळून हौसेने परसात भाजी लावली. पहिली पिशवी घेऊन ती आली तेव्हा धाकटीने ती हसून घेतली आणि तिची पाठ वळताच फेकून दिली. आज सांगते, उद्या सांगते, असं ती रोज स्वतःला बजावायची. थोरली समोर आली की दुसरंच काही बोलत बसायची. नोकरी जाईल याची भीती होतीच. त्याहून मोठी भीती थोरलीच्या डोळ्यांत बघण्याची होती.

मग भाची आजारी पडली. ताप उतरेना, पोटात कळा येत होत्या. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काय असतं? थोरली अभिमानाने म्हणाली, सगळं घरचंच, बाहेरचं काही नाही. धाकटी दवाखान्यातल्या खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिथून ती जी निघाली, ती थेट प्रयोगशाळेच्या जुन्या प्रमुखांच्या घरी गेली. अहवालातले काना-मात्रा दुरुस्त करतात म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. धाकटीने दारातच सगळं ओकून टाकलं.

गुरुजींनी आधी तिला बसवलं, पाणी दिलं.

"फुटलेल्या बरणीची काच माझ्याच बुटात घुसली होती, आणि तीन-चारचे आकडे हुबेहूब एकच होते," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी मी स्वतः भाड्याची होडी घेऊन धक्क्याखाली गेलो. नमुना वाईट निघाला. निकाल बदलून मीच पाठवला आणि तिथला सगळा गाळ बंद खड्ड्यात गेला. तुझ्या बहिणीच्या जमिनीखाली त्यातली एक टोपलीही नाही."

मग तेव्हाच का बोलला नाहीत, असं तिने विचारलं. आपण होऊन येशील म्हणून वाट पाहिली, ते म्हणाले, आणि मग निवृत्तीच आली.

धाकटीचा जीव भांड्यात पडला. तिने रस्त्यातूनच थोरलीला फोन लावला. रक्ताच्या तपासणीत साधी लागण निघाली होती. डॉक्टरांनी औषध देऊन भाचीला घरी सोडलं होतं.

धाकटी पोचली तेव्हा थोरली परसात टोमॅटोच्या रोपांना काठ्यांचा आधार देत होती. धाकटीने तिथेच, चिखलात उभं राहून, पहिल्यापासून सगळं सांगितलं. फुटलेली बरणी, खोटा आकडा, दर रविवारचा कचऱ्याचा डबा, गुरुजींचा बूट. ती रडत होती आणि हसतही होती. सांगता सांगता तिने एक टोमॅटो तोडला, पदराला पुसला आणि चावून खाल्ला. खरोखरच गोड होता.

थोरलीने दोरीची गाठ शांतपणे पुरी केली.

"गुरुजींनी तुला हे आज सांगितलं," ती म्हणाली. "म्हणजे आज सकाळपर्यंत तुला ते विषच वाटत होतं."

धाकटीने होकारार्थी मान हलवली.

"आणि तीन वर्षं तू फक्त तुझ्या ताटातलं फेकलंस."