आरोहीला आणायची बग्गी

"बोल की! कुठनं येतंय?" पाण्याच्या मोटारीचा पाइप बग्गीच्या टपावर धरून श्रीमंत ओरडला.

आत बसलेल्या त्याच्या बायकोने, अयोध्याने, काहीतरी सांगितलं. बाहेर नुसते ओठ हललेले दिसले. श्रीमंतने पाइप टाकला आणि दार ओढलं. रबर इतकं घट्ट बसलं होतं की उघडायला चाकावर पाय रोवावा लागला.

"कुठनंच न्हाय," ती म्हणाली. "पर आत शिजायला लागलंय."

बग्गी पवनचक्कीच्या कामावरून मोडीत निघालेली. शेजारी शेजारी दोन सीटा, मागे इंजिन, चार गलेलठ्ठ टायर आणि बाकी सगळा लोखंडी पिंजरा. आठवडाभर श्रीमंत हात धुऊन तिच्या मागे लागला होता. त्याने तिला दारं बसवली, खिडक्यांना जाड प्लास्टिक लावलं, फटी सिलिकॉनने बुजवल्या. पेडलखालून चिखल उडायचा, तिथे पत्रा ठोकला. इंजिनाची धग सीटखालून यायची म्हणून गोणपाट कोंबलं, तर तेच धुमसायला लागलं. मग तिथे चंदेरी शीट चिकटवली. ताटावर बसला तरी डोळे बग्गीकडे. माणूस एका जागी म्हणून ठरत नव्हता.

उद्या आरोही पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. जावई तामलवाडीहून ईट गावापर्यंत जीपने आणून सोडणार. ईटपासून शेतातल्या वस्तीपर्यंत मात्र काळं रान, चिखल आणि मध्ये ओढा. "बघा भाऊ, आठवा सरत आलाय. पोर चिखलात घालायची म्हंजी..." एवढंच विहीणबाई फोनवर म्हणाल्या होत्या. ते अर्धं वाक्य श्रीमंतच्या डोक्यात गेलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही तर चार लोकांत तोंड कसं दाखवायचं?

"बस तशीच. ओढ्यातनं घालून बघू," तो म्हणाला.

चिखल दारावर थापथाप बसत होता, आत शिंतोडाही नव्हता. श्रीमंत खूश होऊन बग्गी दामटत होता. ओढा रात्रीच्या पावसाने फुगलेला. निम्म्यात गेल्यावर बग्गीची मागची बाजू उचलल्यासारखी झाली. पाण्याला आत शिरायला जागाच ठेवली नव्हती. रिकामा डबा तरंगावा तशी ती धारेबरोबर आडवी सरकली. टायर नुसतेच फिरले. अयोध्याने एका हाताने पिंजऱ्याचा गज गच्च धरला, दुसरा हात, लेकीच्या जागी आपणच असल्यासारखा, आपसूक स्वतःच्या पोटावर गेला. मग कुठल्याशा दगडाला चाक लागलं आणि बग्गी हिसका देऊन काठावर चढली.

श्रीमंतने बग्गी थांबवली. वाकून अयोध्याच्या पायाखाली हात फिरवला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"बघ! एक थेंब न्हाय आलेला!"

अयोध्या मागे वळून ओढ्याकडे बघत होती. "आणायची सोय झाली. रातच्याला कळा सुटल्या तर न्यायची कुठनं?"

"टायरात पाणी भरतो की, ट्रॅक्टरला भरतेत तसं. जड हुईल गाडी. मागं खताची पोती टाकतो."

"आन् ओढा?"

श्रीमंत दाराच्या रबरावरून बोट फिरवत राहिला. तिथे बुजवायला आता काही उरलं नव्हतं.

"तामलवाडीहनं सोलापूरचा दवाखाना हायवेला लागलं की आला," ती म्हणाली. "तिला नका आणू. म्याच जाते तिकडं."

"लेकीच्या घरी?" श्रीमंत उडालाच. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही त्यांच्या भावकीतली चाल. लग्न झाल्यापासून तो तामलवाडीला चार वेळा उभ्या उभ्या जाऊन आला होता, तोंड कोरडं ठेवून. "तिथं काय उपाशी ऱ्हाशील का?"

"उपाशी कशापायी? पाणी बी पिईन, भाकरी बी खाईन."

"आपल्यात आजवर कुणी असं केलेलं न्हाय."

"आपल्यात आजवर ओढ्यात वाहून बी कुणी गेलेलं न्हाय. ते काय लेकीपासनं सुरू करायचं?"

तिने खांद्याने दार रेटलं, पदर खोचला आणि घोटाभर चिखलात उतरली. ईटचा डांबरी रस्ता समोरच होता. तिने मागे वळूनही बघितलं नाही.

तिने लोटलेलं दार पुन्हा गच्च बसलं. श्रीमंत आत एकटा. सीटखालून धग येत होती, खिडकीचं प्लास्टिक आतून धुरकटलं होतं. त्याने तळव्याने ते पुसलं, ते पुन्हा धुरकटलं. बायको दिसेना. तिचा राग आला, आणि ती खरं बोलली याचा त्याहून जास्त. शेवटी तोही उतरला. खिशातला फोन काढला.

"विहीणबाई, आरोहीला नका पाठवू. तिची माय येतीया. ऱ्हाईल तिथंच."

पलीकडून "येऊ द्या की, आमाला बी आधार हुईल," ऐकलं आणि श्रीमंतच्या जिवात जीव आला. लाजही वाटली. चिखल तुडवत त्याने अयोध्याला गाठलं.

"आगं, पिशवी तरी घे! नेसशील काय?"

"आरोहीचं नेसीन."

थोडं अंतर तो तिच्याबरोबर चालला. मग हळूच विचारलं, "आन् म्या कवा येऊ?"

"उद्याच या," अयोध्या म्हणाली. "तिथलं पाणी चालत नसंल, तर बाटलीत घरचं आणा."