नाव झाकू का?

दोन माणसं गल्लीत डोर्कस आवुओरचं घर विचारत फिरत होती आणि आकेयो दाराआड उभी राहून ऐकत होती. त्यांच्या अंगावर साधे कपडे होते, पण पायात पोलिसांचे बूट होते.

"डोर्कस?" शेजारची मिन ओकोथ खो खो हसली. "ती बायबलात सापडेल, साहेब. आमच्या गल्लीत नाही."

ती खोटं बोलत नव्हती. किसुमू शहरातल्या या वस्तीत पहिलं मूल झालं की बाईचं नाव संपतं. ओकोथची आई ती मिन ओकोथ, आकेयोची आई ती मिन आकेयो. आकेयोच्या आईला दुसऱ्या नावानं कित्येक वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. डोर्कस आवुओर हे नाव उरलं होतं ते फक्त तिच्या ओळखपत्रावर.

आणि आकेयोच्या फोनच्या सिमवर. ते तिला आत्ता आठवलं.

आकेयोची एक साइट होती. कातड्याच्या कारखान्याचं पाणी नाल्यात कसं येतं आणि त्यानं वस्तीतली पोरं कशी आजारी पडतात, हे ती तिथे लिहायची. कारखान्याचा मालक मोठा माणूस, म्हणून साइटला इंटरनेटवर जागा देणारी कंपनी निवडतानाच तिनं हजारदा विचार केला होता. परदेशातली कंपनी सुरक्षित, पण तिला बँकेचं कार्ड हवं होतं, आणि ते हिच्याकडे कुठलं? मग नैरोबीतली एक होस्टिंग कंपनी सापडली. तिथे फोनवरून पैसे चालत होते.

"साइटच्या मालकाचं नाव कुणालाही बघता येतं," तिथली बाई फोनवर म्हणाली होती. "झाकू का? फुकट आहे."

"झाका," आकेयो घाईनं म्हणाली होती. शिवाय सांगितलेलं नावही खोटंच होतं. इतकी हुशारी करून आकेयोबाईंनी लगेच आपल्या फोनवरून पैसे भरले. इथे टोमॅटोसुद्धा फोनवरून पैसे देऊन घेतात, त्यामुळे पैसे पोचताच घेणाऱ्याला सिमच्या मालकाचं नाव दिसतं हे कुणाच्या ध्यानातच राहत नाही. आकेयोनं सिम घेतलं तेव्हा तिचं ओळखपत्र आलं नव्हतं. तिनं आईचं दिलं होतं. सगळेच देतात. म्हणून कंपनीला दिसलं ते आईचं नाव, आणि तिथून ते या माणसांपर्यंत पोचलं. कुलूप लावायचं आणि किल्ली कुलपातच ठेवायची, त्यातला हा प्रकार.

बाहेर आई प्लास्टिकवर ओमेनाचे बारीक मासे वाळत घालत होती. माणसं तिच्यापाशी येऊन थांबली. त्यातल्या उंच माणसानं फोन पुढे धरला. "मावशी, हे नाव ओळखीचं आहे? ही बाई साइटवर मालकांची बदनामी करते."

आता बोलायलाच हवं होतं. आकेयो कशीबशी दाराबाहेर आली. तिनं बोलायला तोंड उघडलं.

आईनं तिच्याकडे एकदाच बघितलं. "मक्याच्या उगालीचं आधण ठेवलंय ना? मग आत जा. बघत काय उभी राहिलीस?" मग हात झटकत ती उठली. "डोर्कस आवुओर मीच."

मिन ओकोथचं हसू जागच्या जागी विरलं.

"तू?" उंच माणूस म्हणाला. "लिहिता येतं का तुला?"

"सही येते. बाकी काही येत नाही. मी सांगते आणि पैसे देऊन लिहून घेते. किसुमूत लिहिणारे काय कमी आहेत?"

"सांगतेस? काय सांगितलंस, बोल बघू."

आईनं डोळे मिटले. "माझ्या लहानपणी नाल्याला रंग नव्हता. आता आठवड्याला नवा रंग येतो. कारखान्यात कातडी कुठल्या रंगात बुडवली, ते आमच्या पोरांच्या ओकारीवरून कळतं." ती पुढे बोलतच राहिली. एक शब्द चुकला नाही.

तो आकेयोचाच लेख होता. प्रत्येक लेख साइटवर टाकायच्या आधी ती आईला वाचून दाखवायची. मासे निवडता निवडता आई नुसतं "हं" करायची. तिचं लक्षच नसतं, असं आकेयोला वाटायचं.

"पुरे," उंच माणूस फोनवरच्या लेखाशी ताडून बघत म्हणाला. त्यांनी आईला गाडीत बसवलं. गाडीतून ती एवढंच ओरडली, "आधण आटेल गं!"

संध्याकाळपर्यंत कंपनीनं साइट बंद केली होती.

"सुटलीस, पोरी," मिन ओकोथ हलक्या आवाजात म्हणाली. "आता गप्प बस. त्यांना त्यांची डोर्कस मिळाली."

तेच तर खरं होतं. गप्प बसलं तर तिच्या दाराशी कुणी येणार नव्हतं. आई मात्र कोठडीत राहणार होती. आणि आई आत असताना बाहेर नवा लेख आला, तर लिहिणारी ती नव्हे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मग त्यांना आईला सोडावं लागलं असतं, आणि ते खऱ्या लिहिणारीला शोधत आले असते.

दुसऱ्या दिवशी आकेयोनं स्वतःच्या ओळखपत्रावर नवं सिम घेतलं. दुकानदारानं ते तिथेच फोनमध्ये बसवून दिलं. तिथूनच तिनं दुसऱ्या होस्टिंग कंपनीला फोन लावला. दुकानासमोरून एक गाडी हळू गेली, तशी ती दाराआड सरकली. गाडी भाजीवाल्याची होती.

"साइटवर मालकाचं नाव दिसतं," पलीकडचा माणूस म्हणाला. "झाकू का? फुकट आहे."

"नको."

"मग काय नाव टाकू?"

"आकेयो," ती म्हणाली. "डोर्कसची मुलगी."