मेंढरांच्या पायांवरचं मीठ

बहात्तरच्या दुष्काळात कवठे महांकाळच्या माळावर प्यायलासुद्धा पाणी नव्हतं. तरी कोंडीबा धनगराची मेंढरं रोज सकाळी एकमेकांचे पाय चाटताना दिसायची. खुरांच्या वर मिठाची पांढरी रेघ असायची.

"मीठ जास्त चारलंस का गं?" त्यानं बायकोला विचारलं.

"आवं, घरात चिमूटभर न्हाई," हरणाबाई म्हणाली.

रेघ रोज बोटभर वर चढत होती. कोंडीबानं मेंढरांभोवतीची वाघर, जाळीचं कुंपण, टेकडीवर हलवली. तरी रेघ गुडघ्याला आली.

फौजेतून सुट्टीवर आलेल्या पुतण्यानं, आकारामनं, ते मीठ चाखलं. "तात्या, ही चव समिंदराची हाय. आमची छावणी किनाऱ्यावर हुती. लय जुन्या काळी समिंदर चढला नि अख्खा मुलूख बुडाला, असं तिथं सांगत्यात."

"आन माणसं?"

"जितराब घिऊन वर वर सरकली आसतील."

रेघ गळ्याशी आली, त्या सकाळी ते टेकडीच्या माथ्यावर होते. पायाखाली कोरडा फुफाटा होता. मेंढरांनी मात्र माना ताणून तोंडं वर धरली होती, खोल पाण्यातून जाताना धरतात तशी.

"आता वर जागा न्हाई," कोंडीबा पुटपुटला.

हरणाबाईनं लुगडं वर खोचलं, धाकटं कोकरू उचललं आणि डोक्यावर धरलं.