आजीचं सगळं

हे लिहिणारच नव्हतो.

माझ्या मित्राची, प्रणीतची आई ब्रेस्ट कॅन्सरनं गेली, मावशीही. म्हणून डॉक्टरांनी भावंडांची जीन टेस्ट केली. बहिणीची निगेटिव्ह आली, पेढे वाटले. प्रणीतच्या जीनमध्ये आईचाच दोष सापडला, तर काका हसले, "बायकांचा आजार रे, तुला काय होतंय?"

काल त्याच्या मुलीचं बारसं झालं. आत्यानं तिच्या कानात नाव सांगितलं, गेलेल्या आजीचंच. बायका पाळण्यावर वाकल्या. "नाक आजीचं, हनुवटी आजीची. आजीचं सगळं घेऊन आलीय गं!"

प्रणीतनं मला जिन्यात ओढलं. "तेही आलं असेल. अर्धी शक्यता आहे. मोठी झाली की टेस्ट करायला सांगायचंय. कॅन्सर पुरुषांनाही होतो. मी नसलो तर?"

आतून काका ओरडले, "घुगऱ्या संपतायत रे!"

"मी सांगेन तिला," म्हटलं.